बोटीचा रंग कोणता होता?

"बोटीचा रंग कोणता होता?"

"नारिंगी."

"मागच्या वेळी निळा म्हणाली होतीस."

"मग निळा असेल."

"असेल म्हणजे?"

रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा हॉल, मधे मॅगीचं रिकामं पातेलं आणि समोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली माझी रूममेट. ती लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी मासकॉम करून सध्या याच पेपरात इंटर्न आहे. प्रश्न विचारणं हे खरं तर माझं काम. पण त्या रात्री उत्तरं मी देत होते, आणि खरं बोलत असूनही मला घाम फुटला होता.

झालं असं, की रूममेटने एक ऑनलाइन कोर्स घेतलाय. निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा, तोही ॲडव्हान्स्ड. 'निर्वासित म्हणजे कोण' इथून सुरुवात करणारा नाही, तर निर्वासितांच्या वतीने उभं राहणाऱ्या वकिलांसाठीचा. त्यात एक असाइनमेंट होती. घर सोडून जावं लागलेल्या कुणाचीही खरी हकिगत ऐकायची, लिहून काढायची, तीनेक आठवड्यांनी तीच हकिगत परत ऐकायची आणि दोन्हींतला फरक मांडायचा. एवढ्या रात्री पकडून आणायला दुसरं कोण मिळणार? मी म्हटलं, आहे माझ्याकडे एक.

२०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो. पलूस तालुक्यातलं आमचं गाव नदीला खेटून आहे. मी तेव्हा दहावीत होते. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी बोटीतून बाहेर पडलो आणि पुढचे काही दिवस एका शाळेत काढले. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय, की झोपेतून उठवलं तरी सांगेन, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वेळच्या हकिगतीनंतर रूममेटने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिल्या वेळी आम्ही बुधवारी निघालो होतो, दुसऱ्या वेळी गुरुवारी. पहिल्यांदा बोटीत आधी आजी बसली होती, दुसऱ्यांदा भाऊ. बोटीचा रंग तर सांगितलाच. आणि सगळ्यात भारी म्हणजे दुसऱ्या वेळी मी म्हणाले होते, "शाळेत सगळे मास्क लावून बसलो होतो, उकडत होतं नुसतं."

"२०१९ मध्ये मास्क?" रूममेट म्हणाली.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला होता. पुन्हा तीच शाळा. माझ्या डोक्यात दोन्ही पुरांची सरमिसळ झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. तिथे रूममेटच्या जागी एखादा अधिकारी असता, तर त्याने शांतपणे लिहिलं असतं: अर्जदाराच्या कथनात विसंगती आहे, कथन विश्वासार्ह वाटत नाही.

माझं काय बिघडणार होतं? काहीच नाही. मी उठून चहा ठेवला. पण जगात कुठे ना कुठे रोज कुणीतरी अशाच खुर्चीत बसलेलं असतं आणि त्याच्या उत्तरांवर तो इथे राहणार की जिथून जीव घेऊन पळाला तिथेच परत जाणार, हे ठरत असतं. त्याच्याकडे बहुतेक वेळा ना कागद असतो, ना साक्षीदार. पुरावा म्हणजे तो स्वतः आणि त्याची गोष्ट. 

या कोर्सबद्दल ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, जाडजूड कलमं असतील, करार असतील, पाठांतर असेल. ते आहेच. पण जवळजवळ अर्धा कोर्स माणसाची आठवण कशी चालते, भाषा कशी फसवते आणि ऐकायचं कसं, यावर आहे. हंगेरियन हेलसिंकी कमिटीने २०१३ मध्ये या विश्वासार्हतेच्या तपासणीवर एक ट्रेनिंग मॅन्युअल काढलं, त्यात कायद्याच्या बरोबरीने मानसशास्त्र आहे. रूममेटने मला २००२ मधला एक अभ्यासही दाखवला, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला. ब्रिटनमध्ये आलेल्या कोसोवो आणि बोस्नियाच्या ३९ निर्वासितांना संशोधकांनी तोच प्रसंग दोनदा विचारला, मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवून. या लोकांना तिथे राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटं बोलून मिळवण्यासारखं काही नव्हतं. तरी दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक निघाले. कडेकडेच्या तपशिलांत ते जास्त होते. आणि ज्यांना आघाताचा त्रास जास्त होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले.

थोडक्यात, ज्याने जास्त भोगलंय, त्याचीच गोष्ट जास्त डळमळीत ऐकू येऊ शकते. मला हे वाचून कसंतरीच झालं.

"पण तुझी केस तशीही पहिल्याच पायरीवर उडाली असती," रूममेट म्हणाली. "तू निर्वासित नाहीस."

१९५१ च्या निर्वासितविषयक करारातली व्याख्या तिला आता तोंडपाठ आहे. स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस हवा. त्याला छळाची साधार भीती हवी. त्या छळामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एक तरी कारण हवं. आणि त्याचा देश त्याचं रक्षण करू शकत नसावा, किंवा त्या भीतीपोटी त्याला तिथे जाऊन ते मागता येत नसावं. पूर यात बसत नाही. आम्ही सीमा ओलांडली नव्हती, नदीने आमचं राजकीय मत विचारलं नव्हतं आणि सरकारने उशिरा का होईना बोट पाठवली होती. आपण बोलताना पूरग्रस्त, धरणग्रस्त, दंगलीत घर गेलेले, सगळ्यांनाच सहज निर्वासित म्हणतो. कायदा म्हणत नाही.

आमच्या भागात खरे निर्वासित येऊन गेलेत, हे मात्र मला यानिमित्ताने नीट कळलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात राहिले. ते गेले आणि फाळणीनंतर आलेले सिंधी त्याच जागेवर वसले. आज त्याला गांधीनगर म्हणतात. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात. मीही दोन-तीनदा गेलेय आणि साडीच्या भावापलीकडे काही विचारलेलं नाही. १९५१ चा करार आला तो अशाच युद्धाने उखडलेल्या माणसांसाठी. म्हणून त्यात आधी १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांचीच अट होती. १९६७ च्या प्रोटोकॉलने ती काढली.

रूममेटला या विषयाची ओढ कुठून लागली, तेही असंच घराजवळचं आहे. ती गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. तिथे गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. लहानपणी तिला वाटायचं, तिबेटी म्हणजे स्वेटर विकणारे लोक. पुढे कळलं की आपल्याच जिल्ह्यात राहणाऱ्या या लोकांकडे पुन्हा पुन्हा रिन्यू करावं लागणारं एक रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं. "आपल्या आधार कार्डावर फोटो वाईट आला म्हणून आपण रडतो," ती म्हणते.

आता मुद्द्याचा प्रश्न, जो मी तिला जरा खवचटपणेच विचारला होता. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन २०२५ मध्ये इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला, पण निर्वासित कोण याची व्याख्या त्यातही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे देशांतून आलेल्यांची नोंदणी आणि मुलाखती दिल्लीत यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करते आणि पात्र ठरलेल्यांना कार्ड देते. मग जो कायदा आपल्याकडे लागूच नाही, त्याचं ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग घेऊन करायचं काय?

"काऊन नाही घ्यायचं?" ती म्हणाली. चिडली की तिची बोली बाहेर येते. "कायदा असता तर कुणीही वकील कलम दाखवून मोकळा झाला असता. नाही म्हणूनच तर बाहेरचा कायदा आणून घटनेच्या दारातून आत न्यावा लागतो."

हे दार म्हणजे मुख्यतः कलम २१. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. १९९६ मध्ये चकमा लोकांच्या बाबतीत, राष्ट्रीय मानवाधिकार आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं आणि त्यांच्या जीविताचं रक्षण करायला राज्याला बजावलं. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर यूएनएचसीआरने निर्वासित म्हणून मान्य केलेल्या दोन इराकींची केस आली. ज्या देशात माणसाच्या जिवाला धोका आहे, तिथे त्याला परत ढकलायचं नाही, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व कलम २१ मध्ये येतं, असं न्यायालयाने म्हटलं. या तत्त्वाचं फ्रेंच नाव 'नॉन-रिफूलमाँ'. ते अचूक उच्चारायला रूममेटला आठवडा लागला आणि आता ती ते भाजीवाल्याकडेही वापरते. दिलेली जुडी परत घेत नाहीत म्हणून.

पण हे दार दर वेळी उघडतंच असं नाही. २०२१ मधल्या दोन तारखा तिने मला शेजारी शेजारी लिहून दाखवल्या. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत ताब्यात असलेल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला. ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नका एवढंच सांगितलं. कलम १४ आणि २१ सगळ्यांसाठी आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्या-वसण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो नागरिकांचा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर बरोबर २५ दिवसांनी, ३ मे रोजी, मणिपूर उच्च न्यायालयाने मोरे या सीमेवरच्या गावात अडकलेल्या म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला यूएनएचसीआरकडे जायला परवानगी दिली. अर्ज केला होता मानवाधिकार वकील नंदिता हक्सर यांनी. भारताने १९५१ चा करार केला नसला, तरी मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताला मान्य आहेत, असा आधार तिथे घेतला गेला.

देश तोच, वर्ष तेच, पळून आलेले लोकही एकाच देशातले. मला यातला कुठला निकाल बरोबर वाटतो ते सांगायची गरज नाही, पण एक सांगते. मणिपूरच्या त्या सात जणांत पत्रकार होते. लष्करी उठावानंतर त्यांच्या वृत्तसंस्थेवर बंदी आली होती. माझ्याच धंद्यातली माणसं. मी इंटर्नशिपमध्ये 'बायलाइन मिळत नाही' म्हणून तोंड पाडून बसते, तेव्हा हे अधूनमधून आठवतं.

तर कोर्स. त्यात पहिलं शिकवतात ते गप्प बसायला. यूएनएचसीआरच्या मुलाखतीत अर्जदार स्वतःचा कायदेशीर प्रतिनिधी सोबत नेऊ शकतो. पण प्रतिनिधीने मधेमधे बोलायचं नसतं, उत्तरं सुचवायची नसतात. शेवटी म्हणणं मांडायची संधी मिळते. म्हणजे सिनेमातल्या वकिलासारखं 'ऑब्जेक्शन' ओरडून काही होत नाही. खरं काम आधीच झालेलं असावं लागतं: अर्जदाराशी तासन्‌तास बोलून, त्याचं निवेदन तयार करून, कायदेशीर मांडणी लेखी देऊन. त्या बोलण्यातही रेषा पाळायची. आठवायला मदत करायची, गोष्ट शिकवायची नाही. निर्वासितांच्या कायदेशीर सल्लागारांसाठी 'नैरोबी कोड' नावाची आचारसंहिता आहे, २००७ मधली. गुप्तता कशी राखायची, खोटं माहीत असून ते पुढे करायचं नाही, अशा गोष्टी त्यात आहेत.

मग येते भाषा. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण मराठीत बसून तो पटकन कळतो. समजा कुणी सांगितलं, "त्यांनी माझ्या भावाला मारलं." मारलं म्हणजे मारहाण केली की मारून टाकलं? आणि भाऊ म्हणजे सख्खा, चुलत, मावस, की गल्लीतला दादा? दुभाष्याने एकदा 'ब्रदर' केलं आणि दुसऱ्यांदा 'कझिन', की झाली विसंगती. आपला 'परवा' तर होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. जगात अशा भाषा किती असतील आणि घाईत असलेले दुभाषे किती असतील, याचा विचार करा.

तारखांचंही तसंच. इथिओपियाच्या कॅलेंडरमध्ये १३ महिने असतात आणि ते आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. तिथला माणूस एक साल सांगेल आणि फॉर्मवर भलतंच उमटेल. माझ्या बुधवार-गुरुवारचा घोळही असाच सुटला. मी आजीला फोन लावला. आजीला तारीख सांगता आली नाही, पण ती म्हणाली, "नागपंचमीला पाणी वेशीत आलं, तिसऱ्या दिवशी आपण निघालो. मी पुरणाची दिंडं केली हुती, ती तशीच ऱ्हायली." रूममेटने २०१९ चं पंचांग काढलं. नागपंचमी ५ ऑगस्टला, सोमवारी. तिसरा दिवस बुधवार. आजी बरोबर, माझं दुसरं उत्तर चूक.

"याला म्हणतात मूळ देशाची माहिती," रूममेट खूश होऊन म्हणाली. सीओआय. अर्जदार ज्या देशातून आला तिथली परिस्थिती, सण, रस्ते, कायदे, कोणत्या महिन्यात कुठे गोळीबार झाला, हे सगळं स्वतंत्र स्रोतांतून तपासून अर्जदाराच्या सांगण्याशेजारी ठेवायचं. यूएनएचसीआरचा रेफवर्ल्ड हा संग्रह आणि ऑस्ट्रियन रेडक्रॉसच्या ॲकॉर्डचं ईकॉई, दोन्ही फुकट आहेत. आजीच्या आठवणीला पंचांगाचा खुंटा मिळाला, तसा अर्जदाराच्या आठवणीला खुंटा शोधून द्यायचा. पत्रकारितेत आम्हाला व्हेरिफिकेशन शिकवतात ते हेच, फक्त आमची बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते.

आणि इतकं करून नेमकं किती सिद्ध करायचं असतं? इथे मी साफ चुकले होते. मला वाटायचं, छळ होणारच हे दाखवावं लागत असेल. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर निकाराग्वाच्या एका बाईची केस होती, कार्डोझा-फोन्सेका या नावाने ती ओळखली जाते. न्यायालयाने म्हटलं की छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी भीती साधार असू शकते. अगदी दहा टक्के शक्यता असली तरी. पटत नसेल तर असं बघा: दहा पेढ्यांपैकी एकात विष आहे असं सांगितलं, तर तुम्ही नऊ चांगले आहेत म्हणून पेढा उचलाल का?

ॲडव्हान्स्ड म्हणतात तो भाग खरा इथून पुढे. व्याख्येतल्या पाच कारणांत 'बाई असणं' नाही. १९५१ मध्ये कुणाला ते सुचलं नसावं. मग नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या, व्यभिचाराचा खोटा आळ असलेल्या दोन पाकिस्तानी बायकांचं काय? १९९९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केलं की ज्या समाजात कायदा आणि राज्य बायकांना संरक्षण देत नाही, तिथे त्या 'विशिष्ट सामाजिक गट' ठरू शकतात. २०१० मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने इराण आणि कॅमेरूनच्या दोन समलिंगी पुरुषांना 'मायदेशी जाऊन लपूनछपून राहा' असं सांगता येणार नाही, असा निकाल दिला. कराराचे शब्द तेच राहिले. त्यांचा अर्थ रुंद केला तो अशा केसेस लढवणाऱ्यांनी आणि त्या ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी. रूममेटच्या नोट्समध्ये या निकालांभोवती बदाम काढलेले आहेत, जे परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत.

एक आकडा मात्र मी पाठ केलाय. अमेरिकेतल्या आश्रय-अर्जांचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, 'रेफ्युजी रूलेट' नावाचा. इमिग्रेशन कोर्टात ज्यांच्यासोबत वकील होता, त्यांच्यापैकी ४५.६ टक्के लोकांना आश्रय मिळाला. ज्यांच्यासोबत कुणी नव्हतं, त्यांच्यापैकी १६.३ टक्के लोकांना. शिवाय कोणत्या न्यायाधीशासमोर केस गेली, यावरही निकाल प्रचंड बदलत होते, म्हणून तर त्या जुगाराचं नाव. हे ज्या देशात कायदा लिहिलेला आहे, तिथलं.

मला या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग शेवटी कळला, आणि तो नोट्समध्ये वाचून नाही कळला.

दुसऱ्या हकिगतीत मी एक गोष्ट सांगितली होती, जी पहिल्या वेळी सांगितली नव्हती. आमच्या गोठ्यात म्हैस होती आणि तिचं रेडकू. निघताना बाबांनी म्हशीचं दावं सोडलं, आणि मला ओरडून सांगितलं की मागच्या बाजूचं रेडकू सोड. पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. मी गोठ्याच्या दारापर्यंत गेले, आत अंधार होता, काहीतरी पायाला लागलं, आणि मी परत फिरले. बोटीत आजीने विचारलं, "सोडलंस का गं?" मी हो म्हणाले.

पाणी उतरल्यावर बाबांनी काय पाहिलं ते त्यांनी घरात कधी काढलं नाही. आजीला वाटतं की ते वाहून गेलं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री रूममेटने फक्त विचारलं होतं, "गोठ्यात कोण गेलं?" आणि ते बाहेर आलं. ती टाइप करायची थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे पहिल्यांदा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नव्हतंस."

खरं तर तेवढंच कारण नव्हतं. लाज वाटत होती. कोर्समध्ये यावर आख्खं एक सेशन आहे: उशिरा सांगितलेली गोष्ट. पहिल्या मुलाखतीत गप्प राहिलेली बाई दुसऱ्या मुलाखतीत बलात्काराबद्दल सांगते. तुरुंगात छळ सोसलेला माणूस कोणाचं नाव फोडलं ते महिन्यांनी बोलतो. फाइलमध्ये ते दिसतं 'नंतर जोडलेला मजकूर' म्हणून, आणि संशय येतो. उशीर झाला एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही, हे समोरच्याला पटवून देणं हे प्रतिनिधीचं काम. त्याआधीचं काम म्हणजे ते बोलता येईल इतका वेळ आणि जागा देणं. माझं एक रेडकू होतं. त्यांचं जे असतं, त्याच्याशी मी तुलना करत नाहीये, आणि करूही नये. पण लाजेने माणूस कसा गप्प बसतो, ते मला आतून माहीत झालं.

अशा गोष्टी रोज ऐकणाऱ्या वकिलांनाही त्याचा त्रास होतो, झोप उडते. त्यावरही कोर्समध्ये बोलतात. आमच्या पत्रकारितेच्या सिलॅबसमध्ये हे कुठे होतं ते मी अजून शोधतेय.

लॉ करणाऱ्या कुणाला यात शिरायचं असेल, तर रूममेटने हाताशी ठेवलेली यादी अशी. दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉमध्ये मानवी हक्क, मानवतावादी आणि निर्वासित कायदा यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. बाहेर बघायचं तर इटलीत सानरेमोची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ह्युमॅनिटेरियन लॉ आणि ऑक्सफर्डचं रेफ्युजी स्टडीज सेंटर ही जुनी नावं. पैसे नसतील तर 'रेफ्युजी लॉ रीडर' नावाचं संकलन इंटरनेटवर मोफत आहे. आणि असायलोस नावाचं एक नेटवर्क आहे, तिथे स्वयंसेवक वकिलांसाठी मूळ देशाची माहिती शोधून देतात. त्यासाठी वकील असावं लागत नाही, भाषा आणि चिकाटी लागते. मी फॉर्म उघडून ठेवलाय.

पगाराचं मात्र विचारू नका. रूममेटच्या घरचे म्हणतात, जेएमएफसी दे, जज हो, तालुक्याला नाव होईल. आईने तर फोनवर स्पष्टच विचारलं, की तुझ्या क्लायंटकडे देश नाही, तर फी कुठून देणार? या प्रश्नावर आमच्या फ्लॅटमध्ये अजून कुणाकडे उत्तर नाही. २०२४ च्या अखेरीला जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घर सोडावं लागलेली होती, असं यूएनएचसीआरची आकडेवारी सांगते. हा आकडा तिने आईला सांगून पाहिला. आई म्हणाली, त्यातली तुझ्याकडे किती येणार?

पुढच्या महिन्यात ती दिल्लीला चाललीय, निर्वासितांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका ऑफिसात इंटर्नशिपला. स्टायपेंड मेट्रोच्या पासापुरता आहे. जायच्या आधी तिने मला तिसऱ्यांदा बसवलं. या वेळी असाइनमेंट नव्हती, तिला फक्त सराव करायचा होता. लॅपटॉप तिने बंद ठेवला होता. बोटीच्या रंगाचं विचारलं नाही.

"तुला कुठून सुरुवात करावीशी वाटते?" तिने विचारलं.

मी गोठ्यापासून सुरुवात केली.

येत्या शनिवारी मी गावी जातेय. आजी पेपरातलं राशिभविष्य वाचते आणि मग माझं नाव कुठे आलंय का ते शोधते. हे पान तिच्या हातात द्यायचं की आधी तोंडाने सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.